१४ खिडक्या, तीन मतं

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं सासरचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, तोंड पूर्वेला, पुढे पडवी. साठ वर्षांपूर्वी आजेसासऱ्यांनी बांधलेलं. सासू-सासरे बारा महिने तिथे असतात. बाकीची मंडळी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात जातात. घराला १४ खिडक्या, सगळ्या लाकडी. पश्चिमेच्या चार पार कुजल्या आहेत, मोरी आणि संडासाच्या दोन खिडक्यांना वाळवी लागली आहे. उरलेल्या आठ दिसायला बऱ्या, पण पावसाळ्यात फुगतात आणि लागत नाहीत. यंदा गणपतीत विषय निघाला आणि तीन मतं पडली. धाकट्या दिरांना सगळ्या काढून पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, स्लायडिंग खिडक्या हव्यात: 'पुन्हा बघायला नको आणि घर थंड राहील.' नवऱ्याचा कल अ‍ॅल्युमिनियमकडे, कारण ते परवडतं. सासरे म्हणतात, परसातला फणस तोडू, पण खिडक्या लाकडाच्याच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कंत्राटदाराला दिवाळीपर्यंत उत्तर हवं आहे. निम्मा खर्च ताईंच्या बचतीतून होणार आहे, तरी 'सुनेनं या वादात पडावं का' ही शंका त्यांना आहेच. त्या विचारतात: सर्वांत चांगलं मटेरियल कोणतं ते सांगा, म्हणजे विषय मिटेल.

ताई, नमस्कार.

तुम्हाला एका शब्दाचं उत्तर हवं आहे, पण त्याच्या विरोधातला पुरावा तुमच्याच पत्रात आहे. एकाच घरातल्या, एकाच वेळी बसवलेल्या लाकडी खिडक्यांपैकी चार कुजल्या आणि आठ साठ वर्षं उभ्या राहिल्या. लाकूड वाईट असतं तर सगळ्याच गेल्या असत्या. फरक पडला तो जागेमुळे. पश्चिमेच्या खिडक्यांनी दर पावसाळ्यात झड अंगावर घेतली. पुढच्या खिडक्यांसमोर पडवी होती, पागोळ्या त्यांच्यापासून लांब पडत राहिल्या. दापोलीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. म्हणूनच कोकणात या बाजूला पावसाळ्यापुरती नारळाची झापं बांधायची पद्धत होती. ती बांधणाऱ्यांना ठाऊक होतं की भिंतीच्या त्या बाजूला वेगळं संरक्षण लागतं.

तेव्हा 'कोणतं मटेरियल' याआधी 'कुठली खिडकी' हे विचारू या. १४ खिडक्यांना एकच उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर कुणी घातलेलं नाही. कंत्राटदाराला एकच ऑर्डर सोयीची असते, हे खरं. पण घरात राहणार तुम्ही आहात.

आता दिरांचे दोन मुद्दे घेऊ, कारण हीच दोन वाक्यं मला जवळजवळ प्रत्येक पत्रात वाचायला मिळतात.

पहिला, यूपीव्हीसीनं घर थंड राहतं. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता यूपीव्हीसीच्या किंवा लाकडाच्या हजारपटीहून जास्त वेगानं वाहते, हे भौतिकशास्त्र बरोबर आहे. लाकूड आणि यूपीव्हीसी या बाबतीत साधारण सारखेच. पण हा फरक जाणवतो तो खिडकी बंद असताना, आत एसी चालू असताना. तुमच्या सासू-सासऱ्यांच्या घरात एसी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. दमट हवेत माणसाला गारवा मिळतो तो अंगावरून वारा वाहिल्यानं आणि भिंतीवर-काचेवर ऊन न पडल्यानं. उघड्या खिडकीची चौकट कशाची आहे, याला तिथे फारशी किंमत नाही. खिडकी किती उघडते, याला मात्र खूप आहे.

आणि इथेच स्लायडिंगची अडचण सुरू होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ साली घरांसाठी इको निवास संहिता आणली. उष्ण आणि दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावं, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या घराला ते बंधनकारक आहे म्हणून हे सांगत नाही. मोजायला चांगलं माप आहे म्हणून सांगते. दहा बाय बाराची खोली धरा. १२० चौरस फुटांना २० चौरस फूट उघडी जागा लागते. चार बाय पाचची खिडकी बरोबर २० चौरस फुटांची. तिला बाहेर उघडणाऱ्या झडपा असतील तर सुमारे १८ चौरस फूट मोकळे होतात. तिथेच दोन पल्ल्यांची स्लायडिंग बसवली तर १०. म्हणजे पैसे भरून तुम्ही निम्मी खिडकी कायमची बंद कराल. जुन्या घरातल्या चार झडपांच्या खिडक्या आठवा: खालच्या दोन लावून वरच्या दोन उघड्या ठेवता येतात, आडोसा राहतो आणि वाराही येतो. अशा खिडक्या तुमच्याकडे असतील तर त्या मोडताना दहा वेळा विचार करा.

स्लायडिंगचा दुसरा त्रास पावसातला. खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं आणि ते बाहेर जायला बारीक भोकं असतात. वारा जोरात असला की तो पाणी बाहेर जाऊच देत नाही, उलट आत ढकलतो. भोकांत धूळ, पानं, मेलेले किडे अडकले की ट्रॅक भरून पाणी खोलीत उतरतं. बाहेर उघडणारी झडप बंद केल्यावर रबरी गॅस्केटवर दाबून बसते, झडीला ती कितीतरी बरी तोंड देते. म्हणून तुमच्या पश्चिमेच्या भिंतीवर स्लायडिंग नको, मटेरियल काहीही असो. या एका गोष्टीवर मी ठाम आहे.

दिरांचा दुसरा मुद्दा, 'पुन्हा बघायला नको.' समुद्राजवळ असं काहीच मिळत नाही. प्रत्येक मटेरियल वेगळ्या जागी आणि वेगळ्या वर्षी काम काढतं. लाकूड रंग मागतं. अ‍ॅल्युमिनियमला खाऱ्या वाऱ्यानं बारीक खड्डे पडतात, पांढरी भुकटी येते. दर काही महिन्यांनी गोड्या पाण्यानं पुसलं तर ते बरंच लांबतं. यूपीव्हीसीचं प्लास्टिक गंजत नाही, पण त्याच्या पोटात ताकदीसाठी लोखंडी पट्टी असते आणि बाहेर बिजागऱ्या, स्क्रू, हँडल असतात. आधी हार्डवेअर जातं, चौकट मागाहून. दिरांना हे विचारा: दहा वर्षांनी एका खिडकीचा पट्टीवजा सरकता बिजागर तुटला, तर दुरुस्तीला कोण येईल आणि कुठून? खेड-चिपळूणहून माणूस येणार असेल तर ठीक. फक्त पुण्या-मुंबईहून येणार असेल, तर ती खिडकी दोरीनं बांधून आई-बाबा पावसाळा काढतील. गावात सुतार आहे का, तरुण आहे का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. तो सासऱ्यांना विचारा.

आता तुमच्या आठ बऱ्या खिडक्या. या ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. फुगतात म्हणजे त्या निकामी झाल्या असं नव्हे. लाकूड ओल पितं तेव्हा आडवं रुंदावतं; साठ वर्षांत रंगाचे थरावर थर चढले की झडप आणि चौकट यांच्यातली मूळची फट उरतच नाही. पाऊस संपल्यावर, लाकूड सुकल्यावर, सुताराकडून तपासून घ्या. जाड दाभण किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन चौकटीचे खालचे कोपरे, झडपेची खालची पट्टी आणि चौकट भिंतीत शिरते ती जागा टोचून पाहायची. टोक जेमतेम रुतलं तर लाकूड धड आहे. लोण्यात शिरावं तसं गेलं तर तेवढा भाग कापून जोड द्यायचा. अख्खी चौकट क्वचितच जाते. गजांकडेही बघा. लोखंडी गज गंजला की फुगतो आणि खालची पट्टी चिरतो. पुष्कळदा 'लाकूड फाटलं' म्हणतात, तिथे खरं कारण गज असतो. असे गज बदलून स्टेनलेस स्टीलचे किंवा गॅल्व्हनाइज्ड घाला.

रंग खरवडताना मात्र एक काळजी घ्या, आणि ही सगळ्याच जुन्या घरांना लागू आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, आणि खालच्या जुन्या थरांत तर नक्कीच, शिसं भरपूर असू शकतं. कोरडं घासू नका, आगीनं जाळू नका. ओलं करून खरवडा, मास्क लावा, भुगा गोळा करून टाका आणि ते दिवस लहान मुलांना घरापासून लांब ठेवा.

उघडं झालेलं लाकूड तसंच राहू देऊ नका. झडपांच्या खालच्या कडेला, जिथे ब्रश कुणी फिरवत नाही, तिथेही हात मारून घ्या. पाणी तिथूनच वर चढतं. बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) द्या, ते पूर्ण सुकलं की मग रंग. वाळवीची भीती असलेल्या जागी, चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला, काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे. ते कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे घालूनच.

पश्चिमेच्या चार खिडक्यांना मी लाकूड सुचवणार नाही, सासऱ्यांचा मान राखूनही. तिथे माझी पसंती यूपीव्हीसीला, पण बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या, आकारानं लहान, पांढऱ्या रंगाच्या. गडद रंग उन्हात फार तापतो आणि हे प्लास्टिक तापलं की वाढतं: पाच फुटांची पट्टी ३० अंशांच्या फरकानं सुमारे ३ मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट. म्हणून तिच्या चौकटीभोवती फट ठेवून ती सिलिकॉननं भरायची असते. गवंडी सिमेंटनं गच्च ठोकून बसवू लागला तर तिथेच थांबवा. प्लास्टिकच्या पोकळ पट्टीच्या दर्शनी बाजूची जाडी किमान अडीच मिलिमीटर असावी, आणि आतली गॅल्व्हनाइज्ड पट्टी फक्त चौकटीत नको, झडपेतही हवी. नमुन्याचा तुकडा कापून दाखवायला सांगा. चांगला फॅब्रिकेटर आनंदानं दाखवतो.

जवळपास यूपीव्हीसीचा भरवशाचा कारागीर नसेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की स्वस्त अ‍ॅल्युमिनियम आणि चांगलं अ‍ॅल्युमिनियम यांत फार अंतर आहे. सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीची, जाडी विचारा, पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉन असल्याचं कोटेशनवर लिहून घ्या. प्लास्टर चालू असताना चौकटीवर टेप हवीच, ओल्या सिमेंटच्या अल्कलीनं अ‍ॅल्युमिनियमवर न जाणारे डाग पडतात. आणि स्क्रू! खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमला साधा लोखंडी स्क्रू लावला की दोन धातूंच्या भांडणात दोन्ही खराब होतात. लोहचुंबक न्या. घट्ट चिकटणारा स्क्रू नाकारा. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त तोंड देतं. हा फरक चुंबकाला कळत नाही, तो बिलावरच लिहून घ्यावा लागतो.

कुठलीही खिडकी घ्या, वर छज्जा नसेल तर पश्चिमेला आधी तो करा, निदान दोन फुटांचा. सिलला, म्हणजे खिडकीखालच्या कट्ट्याला, बाहेरच्या बाजूला ढाळ द्या. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं, भिंतीकडे वळत नाही. जुन्या खिडकीतून जे पाणी येतं ते बहुतेक वेळा चौकट आणि चिरा यांच्या फटीतून येतं, आणि ती फट गवंड्याच्या हातातली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडनं काय सोसलं, ते तुमच्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. या बाजूला टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच घ्या.

मोरी आणि संडासाच्या दोन खिडक्यांना लाकूड नको, लोखंड तर नकोच. यूपीव्हीसीच्या ऑर्डरमध्येच त्या दोन घाला. वाळवी जमिनीतून भिंतीवाटे येते, तेव्हा नव्या चौकटीआधी तिथे औषध मारून घ्या, नाहीतर ती शेजारच्या लाकडाकडे वळेल.

आता सासऱ्यांचा फणस. फणसाचं लाकूड उत्तम, यात वाद नाही. पण दिवाळीत तोडलेला फणस या कामाला उपयोगाचा नाही. फळ्या सावलीत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष लागतं. ओल्या लाकडाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यात वाकेल. शिवाय फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही झाडं खासगी जमिनीवर असली तरी महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यांना दुसरं काही सांगता येईल. पश्चिमेच्या कुजलेल्या चौकटी काढाल, तेव्हा त्यांचे खालचे भाग गेलेले असतील. वरची आडवी पट्टी आणि उभ्यांचा वरचा भाग बहुधा धड निघेल. साठ वर्षं वाळलेलं, त्याच हवेत मुरलेलं ते लाकूड आज बाजारात पैसे देऊन मिळत नाही. उरलेल्या आठ खिडक्यांना जोड द्यायला तेच वापरा. तुकडे निवडायचं आणि सुताराबरोबर उभं राहायचं काम त्यांच्याकडे द्या. मला वाटतं, वडिलांनी लावलेलं लाकूड डोळ्यांदेखत भंगारात जाऊ नये, हीच त्यांची खरी मागणी असावी. फणस परसात राहू दे.

आणि ताई, सासूबाई. तुमच्या पत्रात तीन पुरुषांची मतं आहेत आणि तुमची काळजी आहे. त्या मात्र 'काही बोलल्या नाहीत' एवढ्याच आहेत. रात्री सर आली की उठून खिडक्या लावतं कोण? कडी कुणाच्या हाताला पुरत नाही? कुठल्या खिडकीतून फाटक दिसतं, कुठलीतून वेसवाराच्या फोडणीचा धूर जातो? त्यांच्याबरोबर वही घेऊन घरभर फिरा आणि १४ खिडक्यांपुढे १४ ओळी लिहा: ऊन, झड, वारा, किती वेळा उघडते, आज काय त्रास देते. दोन बायकांनी केलेली ही यादी घेऊन बोललात तर चर्चा आपोआप मटेरियलवरून खिडक्यांवर येईल. निम्मा खर्च तुमचा आहे; पण तो नसता तरी त्या घराची सून म्हणून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसऱ्या ठिकाणच्या वाचकांसाठी थोडंसं. पुण्या-मुंबईच्या वरच्या मजल्यावर सोसायटीचे दर्शनी भागाचे नियम आधी वाचा, आणि रस्त्याचा आवाज हा त्रास असेल तर चौकटीपेक्षा लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) आणि नीट बसणारं गॅस्केट यांवर पैसे घाला. विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी खिडक्या बंदच असतात, तिथे मात्र कमी उष्णता वाहणाऱ्या चौकटीला अर्थ आहे. तिथे साधं अ‍ॅल्युमिनियम मी शेवटी ठेवीन. तरीही बाहेरून सावली आधी.

कंत्राटदाराला दिवाळीला सांगा: आठ दुरुस्त, सहा नव्या. कामाचा क्रम पाळायला लावा. आधी जुन्या चौकटी जपून काढणं, मग छज्जा आणि कडांचं प्लास्टर, त्यावर पुरेसे दिवस पाणी, आणि त्यानंतरच नव्या खिडक्यांची मापं. चिऱ्याच्या भिंतीत काटकोन सहसा सापडत नाही. आधी घेतलेल्या मापाच्या खिडक्या आल्या की फटी सिमेंटनं बुजवल्या जातात. पश्चिमेची एकच खिडकी पहिल्यांदा बसवून घ्या. सिलिकॉन सुकल्यावर बाहेरून पाइपनं, खालून वर आणि आडवं, दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा, आत सासूबाईंना कोरडं फडकं घेऊन उभं करा. फडकं कोरडं राहिलं तर बाकीच्या पाचांची ऑर्डर द्या, आणि शेवटचा हप्ता मृगाचा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा, तसं आधीच लिहून घेऊन.